साहेबांची वांगी

"माझ्या उसाला तुरं आलं, मुजावर. आता त्येचं लगीन लावू का बारसं घालू, तेवढं तुझ्या मशिनीला इचारून सांग."

एवढं बोलून हौसाक्कानं खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि हातभर लांबीचा एक पांढरा तुरा माझ्या कीबोर्डवर आडवा ठेवला. त्याची कुसळं बटणांच्या फटींत शिरली. दिवाळीपासून दर सोमवारी ती कारखान्यावर यायची, या खिडकीशी उभी राहायची, आणि दर सोमवारी मी तिला एकच उत्तर द्यायचो.

"नंबर लागेल की अक्का."

"कवा? माझ्या तेराव्याला टोळी धाडताय व्हय?"

माझ्या शेजारच्या खुर्चीत आमचे मुख्य शेतकी अधिकारी इंगवले साहेब बसले होते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ते कागदोपत्री तेच ठरवायचे. नाक पडद्याला टेकेल इतके ते पुढं वाकले होते आणि उजव्या हातानं माऊस टकाटका दाबत होते.

"साहेब, जरा हिकडं बी बघा की."

"बघतोय अक्का. शेतीचंच बघतोय," साहेब मान वर न करता म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. पडद्यावर हिरवंगार शेत होतं, त्याला पांढरं कुंपण होतं, कोपऱ्यात एक गाय उभी होती, आणि साहेब वांगी तोडत होते.

हौसाक्का डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली. जाताना तिनं आम्हा दोघांना उद्देशून जे काही म्हटलं, ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. तुरा मात्र माझ्या टेबलावरच राहिला.

उसाला तुरा आला म्हणजे ऊस म्हातारा झाला. त्यानंतर महिना-दीड महिन्यात त्याला कोयता लागला नाही तर तो आतून पोकळ व्हायला लागतो, आणि मग त्याला कारखाना विचारत नाही, गुऱ्हाळवाला विचारत नाही, आणि शेवटी म्हैससुद्धा तोंड फिरवते. हौसाक्काचा दीड एकर फड अठरा महिने उभा होता. नवरा गेल्यापासून तिनं एकटीनं पिकवलेलं तेवढंच रान. आजूबाजूचा सगळ्यांचा ऊस डिसेंबरातच तुटून गेला होता, आणि जानेवारी अर्धा सरला तरी मधोमध तिचाच तेवढा उभा होता. नदीपलीकडच्या कारखान्याची टोळी आमच्या हद्दीत यायची नाही. म्हणजे तोड मिळाली तर आमच्याकडूनच मिळणार होती.

ती का मिळत नव्हती, हे मला ठाऊक होतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कारखान्याच्या संगणक विभागात हंगामी कामाला होतो. विभाग म्हणजे एक खोली, तीन कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर आणि मी. उसाची प्रत्येक नोंद आमच्या डेटाबेसमध्ये एका ओळीत असायची. शेतकऱ्याचा सभासद क्रमांक, गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, आणि शेवटी दोन रकाने, स्थिती आणि शेरा. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला कॉम्प्युटर 'तयार' अशी स्थिती असलेल्या ओळी गोळा करायचा, त्यांत ज्याची लागण सगळ्यांत जुनी त्याला पहिला नंबर द्यायचा आणि तोडणीच्या चिठ्ठ्या छापायचा. चिठ्ठी टोळीच्या मुकादमाला मिळाली की टोळी फडात उतरायची. माणसानं मध्ये बोट घालायला जागाच नव्हती. अध्यक्ष आबासाहेब प्रत्येक भाषणात हे अभिमानानं सांगायचे.

आबासाहेब बोट मध्ये घालत नसत. ते फक्त स्थिती बदलायला सांगत, 'तयार'ची 'बंद'.

'बंद' हा शब्द खरं तर जमीन विकली, ऊस मोडला, अशा लोकांसाठी ठेवलेला होता. आमच्याकडं बत्तीस नोंदी बंद होत्या आणि त्यांतल्या एकानंही जमीन विकली नव्हती. कुणी विरोधी पॅनेलचा प्रचार केला होता, कुणी आबासाहेबांच्या पुतण्याच्या लग्नाला गेलं नव्हतं. हौसाक्काचा गुन्हा त्यांत सगळ्यांत मोठा होता. आदल्या सालच्या वार्षिक सभेत सगळा मंडप नेहमीप्रमाणे "मंजूर, मंजूर" ओरडत असताना ती बायकांच्या रांगेतून उठली आणि एकटीच खणखणीत आवाजात म्हणाली, "नामंजूर!" कशाला नामंजूर, असं व्यासपीठावरून विचारल्यावर ती म्हणाली, "इषय काय हाय त्येच ऐकू आलं न्हाई. ऐकल्याबिगर मंजूर म्हणायला आमी काय पिंजऱ्यातलं पोपट हाय?" मंडप हसला. आबासाहेबही हसले. दुसऱ्या दिवशी तिची ओळ बंद झाली. ती मीच केली होती. मला वरून फोन आला आणि मी बटण दाबलं.

आता वांग्यांकडं येतो.

अख्ख्या कारखान्यात इंटरनेट दोनच ठिकाणी होतं, एमडींच्या केबिनमध्ये आणि माझ्या खोलीत. एमडींच्या केबिनमध्ये बसून वांगी लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून साहेब माझ्याकडं यायचे. त्या शेतीच्या खेळात बी पेरायचं, पीक तयार व्हायची वाट बघायची आणि वेळेत तोडायचं, एवढंच. वेळ चुकली की पीक वाळायचं. कोथिंबीर दोन तासांत, वांगी चोवीस तासांत, भोपळा दोन दिवसांत. शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याचे शेतकी अधिकारीही तोच खेळ खेळायचे, आणि त्यांचं शेत आमच्या साहेबांच्या शेताच्या तीन पायऱ्या पुढं होतं. हे साहेबांना जेवू देत नव्हतं.

मी एकदा त्यांना विचारलं, "साहेब, बाहेर बावीस हजार एकर ऊस आहे. त्यानं पोट भरत नाही का तुमचं?"

साहेबांनी चष्मा काढला. ते शेतकी कॉलेजातून पहिले आलेले गृहस्थ. उसाचं पान बोटांत धरून त्याला काय कमी पडलंय ते सांगायचे. लोक त्यांना लांबून लांबून रान दाखवायला न्यायचे. अलीकडं त्यांनी फडावर जाणंच कमी केलं होतं, कारण फडावर गेलं की माणसं तोड मागत.

"इथं पिकलं की तोडता येतं, मुजावर," ते म्हणाले. "कुणाला विचारावं लागत नाही."

मला त्यांची दया आली. आणि दया आली की माणूस नसते उद्योग करतो. मी त्यांच्यासाठी एक स्क्रिप्ट लिहिली. साहेब दौऱ्यावर असले तरी ती स्वतःच माऊस हलवायची, पेरायची, पिकलं की तोडायची. पहिल्या दिवशी बाण आपोआप वाफ्या-वाफ्यांतून फिरायला लागला तेव्हा साहेबांनी मला चहा आणि भजी मागवली आणि म्हणाले, "असा एक गडी मला आयुष्यात मिळाला नाही."

पण गडी विसरभोळा निघाला. कुठल्या वाफ्यात काय पेरलं आणि ते कधी पिकणार, हे सगळं तो डोक्यात ठेवायचा, आणि आमच्याकडं लाइट दिवसातून चारदा जायची. लाइट गेली की डोकं साफ. परत सुरू झाला की आल्या आल्या उभ्या पिकावर नांगर फिरवायचा. मग मी त्याला एका साध्या फाइलमध्ये टिपणं ठेवायला शिकवलं. तर एके दिवशी फाइल लिहीत असतानाच लाइट गेली, अर्धी ओळ लिहिली गेली, अर्धी राहिली, आणि गड्यानं त्या अर्धवट ओळीवर विसंबून पिकलेल्या वांग्यांत भोपळा लावला. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

"डेटाबेसमध्ये ठेवायला पाहिजे साहेब," तिसऱ्या दिवशी मी म्हणालो. "त्याचं तसं नसतं. घेतलं तर पूर्ण घेतो, नाहीतर घेतच नाही. आणि एकदा घेतलं की लाइट जावो नाहीतर वीज पडो, विसरत नाही."

"मग ठेव की. नाही कोण म्हणतंय?"

नाही म्हणत होता आमचा डेटाबेस बसवून देणारा पुण्याचा ठेकेदार. नवा तक्ता तयार करायचा तर त्याचा पासवर्ड लागायचा, आणि तो मागायचा तर कशासाठी ते लेखी कळवावं लागायचं. 'वांग्यांसाठी' असं लेखी कळवायची माझी छाती नव्हती. मला परवानगी होती ती फक्त ऊस नोंदींच्या ओळी बदलायची. आणि त्या ओळी बघता बघता माझ्या लक्षात आलं, की यात सगळंच आहे. स्थिती आहे, शेरा आहे. शेऱ्यात पिकाचं नाव आणि वेळ लिहायची, पीक तयार झालं की स्थिती 'तयार' करायची, तोडलं की परत 'बंद'. ओळी कुठल्या वापरायच्या? ज्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही त्या. साहेबांचे वाफे बारा होते, मी पहिल्या बारा बंद ओळी घेतल्या. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तसा गडी त्यांत जाऊन बसला.

महिनाभर काम इतकं झकास चाललं, की साहेब शेजारच्या कारखान्याच्या दोन पायऱ्या पुढं गेले. लाइट जायची, यायची, आणि गडी उठल्या उठल्या डेटाबेसला विचारायचा, 'बाबा रे, काय काय तयार आहे?' डेटाबेस बिनचूक सांगायचा. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं. हाच प्रश्न त्याच डेटाबेसला रोज सकाळी दहा वाजता आणखी कुणीतरी विचारतं, हे मात्र या उंटावरच्या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. एरवी वांगी 'तयार' झाल्यापासून तोडून 'बंद' होईपर्यंत पाच-सहा सेकंद जायचे. तेवढ्यात काय होतंय?

हौसाक्का तुरा ठेवून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दहाला पाच मिनिटं कमी असताना सातव्या वाफ्यातली वांगी पिकली. गड्यानं ओळ 'तयार' केली आणि तोडायला गेला. नेमकं तेव्हाच बाहेर पाइपलाइनसाठी खणणाऱ्या जेसीबीनं इंटरनेटची केबल उखडली. शेत पडद्यावर गोठलं. वांगी तुटेनात, आणि वांगी तुटेनात म्हणून ओळ 'बंद' होईना. दहा वाजले. प्रिंटर किरकिरायला लागला.

चिठ्ठ्या छापून झाल्यावर मी त्या नेहमीप्रमाणं फाडून सुट्या केल्या, गावनिहाय लावल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या गट ओव्हरसियर कोळेकरांच्या हातात गठ्ठा दिला. साहेब त्या दिवशी मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते.

दहा मिनिटांत कोळेकर परत आले. वरची चिठ्ठी त्यांनी दोन बोटांत लांब धरली होती.

"मुजावर, हे बघितलंस का? हौसाबाई ज्ञानू थोरवत. पयला नंबर."

"काय लिहिलंय?"

"तोड लिहिलीय."

"मग तोडच असेल."

कोळेकरांनी आवाज खाली आणला. "आबासाहेबांनीच सांगितलं असंल म्हणतोस?"

"मला काय माहीत? मी हंगामी माणूस."

"इचारू का वर फोन करून?"

मी प्रिंटरमध्ये कागद लावायला लागलो. कोळेकर दारात उभे राहून विचार करत होते. आबासाहेबांना विचारावं, आणि त्यांनीच दिलेली असली, तर 'माझ्या शब्दावर शंका घेतोस का' म्हणून चामडी लोळवली जाणार. न विचारावं, तर कागद हातात आहे. आमच्याकडं कागद आला म्हणजे वरून आला, आणि वरून आलं म्हणजे विचारायचं नाही, अशी रीतच होती. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि मोटरसायकलला किक मारली.

बुधवारी सकाळी टोळी फडात उतरली. दुपारी बारा वाजता हौसाक्काच्या उसाची पहिली ट्रॉली काट्यावर आली, आणि ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या शेजारी, नवं लुगडं नेसून, हौसाक्का स्वतः बसली होती. काट्यावरचा माणूस तिला बघून वजन लिहायचं विसरला. तासाभरात कँटीनमध्ये तीन बातम्या होत्या. पहिली, हौसाक्का आबासाहेबांच्या गटात आली. दुसरी, आबासाहेब हौसाक्काच्या गटात गेले. तिसरी, पुढच्या निवडणुकीत तिला महिला राखीव जागेवरून संचालक करणार. एमडींना वाटलं अध्यक्षांनी तडजोड केली, उपाध्यक्षांना वाटलं एमडींनी परस्पर केली, आणि कुणीही कुणाला विचारायला तयार नव्हतं. खुद्द आबासाहेबांना ही गोष्ट सगळ्यांत शेवटी कळली.

इंगवले साहेब धावतच माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

"मुजावर, कुणी दिली तोड? आबासाहेबांनी बोलवलंय, आत्ता. मी दिली नाही, एमडींनी दिली नाही. मग ही चिठ्ठी काय आभाळातनं पडली? अजून एकरभर ऊस उभा आहे तिचा. टोळी माघारी बोलवा म्हणतील ते. आणि वड्याचं तेल वांग्यावर, तसे माझ्यावर भडकतील."

"साहेब," मी म्हणालो, "वांग्यावरच भडकावं लागेल त्यांना."

"म्हणजे?"

मी पडद्यावर ती ओळ काढली. सभासद, गट नंबर, जात, लागणीची तारीख. स्थिती, तयार. आणि शेवटी शेरा. वांगी, वाफा सात.

साहेबांनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग ते हळूच खुर्चीत बसले.

"ही माझी वांगी?"

"हो."

"हौसाक्काच्या उसात?"

"हौसाक्काच्या ओळीत."

मी त्यांना सगळं सांगितलं. पासवर्ड, बंद ओळी, जेसीबी, दहाचा ठोका. नोकरी गेलीच असं मी धरून चाललो होतो. साहेबांनी कपाळाला हात लावला होता आणि ते हसतायत का रडतायत ते मला कळेना.

"समज, खरं सांगितलं," ते शेवटी म्हणाले. "मुख्य शेतकी अधिकाऱ्याची वांगी पिकली म्हणून हौसाबाईचा ऊस तुटला. हे या खोऱ्यात लोक किती वर्षं सांगतील?"

"नातवंडांपर्यंत तरी जाईल."

"चल," ते उठले. "तूही चल. ऊस नोंदींची यादी घे बरोबर."

आबासाहेब मोठ्या टेबलामागं पाय वर घेऊन बसले होते. समोरच्या बशीत काजू होते, पण ते खात नव्हते.

"इंगवले," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला की शिपाईसुद्धा बाहेर जाऊन उभा राहायचा. "थोरवतांच्या हौसाला तोड कुणाच्या सांगण्यावरनं दिली?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी यादीकडं बघितलं.

"मी दिली," साहेब म्हणाले.

"कुणाला इचारून?"

"कुणालाच नाही. अठरा महिन्यांचा ऊस आहे, तुरा आलाय. यादीत सगळ्यांत जुनी लागण तिची. तुम्हीच सांगता सगळीकडं, की आपल्याकडं माणसानं बोट घालायला जागा नाही. मग नियमानं पहिला नंबर तिचाच येतो."

पहिली दोन वाक्यं साहेब घाबरून बोलले होते. पण पुढं पुढं त्यांचा आवाज सरळ होत गेला. मी त्यांना असं बोलताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक त्यांनीही ऐकलं नव्हतं.

आबासाहेबांनी एक काजू उचलला, परत ठेवला. "टोळी माघारी बोलवायला किती वेळ लागंल?"

"अर्धा तास. पण तिची पहिली ट्रॉली अख्ख्या गावानं बघितलीय. अर्धवट तोडून टोळी काढली तर उद्या उरलेला फड सगळा तालुका बघायला येईल."

आबासाहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर हौसाक्काचा ट्रॅक्टर उभा होता आणि भोवती दहा-बारा माणसं जमली होती. निवडणूक आठ महिन्यांवर होती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग विचार आला, आणि मग हळूहळू समाधान पसरलं. मी राजकारण त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं.

"असू द्या," ते म्हणाले. "बाहेर कुणी इचारलं तर सांगायचं, आबासाहेबांनी मन मोठं केलं. मीच सांगितलं हुतं तुमाला. काय?"

"होय," साहेब म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून हौसाक्काच आत आली. शिपाई तिच्या मागं हात पसरून उभा होता.

"या अक्का, या," आबासाहेब पाय खाली सोडत म्हणाले. "मनात काय ठिवू नका. मीच साहेबांना म्हणलं, आपल्या माणसाचा ऊस वाळता कामा नये."

"आस्सं?" हौसाक्का म्हणाली. "मग दिवाळीपासनं मन कुठं गावाला गेलं हुतं?" आबासाहेब हसले. तिनं त्यांना पुरतं हसू दिलं. "आनि एक सांगायचं ऱ्हायलं. ऊस घेतला म्हणून मत फिरलं आसं समजू नगा. त्या येळंला नामंजूर म्हणलं हुतं, ते आजून नामंजूरच हाय."

मग ती इंगवले साहेबांकडं वळली. एवढं फडाफडा बोलणारी बाई क्षणभर अडखळली.

"साहेब, कागूद तुमच्या हाताखालनं गेला म्हणत्यात. दर सोमवारी म्या तुमाला शिव्या दिल्या. तोंडावर दिल्या, माघारी त्यापरीस जास्त दिल्या. त्या समद्या परत घेती." आणि तिनं साहेबांसमोर हात जोडले.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांना हात जोडता येईनात, की मान हलवता येईना. "अहो अक्का, नको, नको," एवढंच ते पुटपुटले. मला तिथं उभं राहणं नकोसं झालं. चोरानं देवळात जाऊन प्रसाद घ्यावा तशी आमची गत झाली होती.

परत खोलीत आल्यावर साहेब नेहमीच्या खुर्चीत बसले. केबल जोडून झाली होती. पडद्यावरचं शेत परत हलायला लागलं होतं, आणि सातव्या वाफ्यातली वांगी काळी पडून वाळून गेली होती. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मुजावर, एक विचारतो. खरं सांग."

"विचारा."

"चिठ्ठ्या तू हातानं फाडतोस. गावाप्रमाणं लावतोस. पहिल्याच चिठ्ठीवर तिचं नाव होतं. तू वाचलं नव्हतंस?"

इतका वेळ मी ही गोष्ट तुमच्यापासूनही लपवली. ती चिठ्ठी मी वाचली होती. वाचून कळलं होतं, काय घोळ झालाय तेही कळलं होतं. फाडून टोपलीत टाकायला एक सेकंद पुरला असता. टेबलावर तो तुरा पडला होता. तिची ओळ बंद करणारं बोटही माझंच होतं. मी चिठ्ठी गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवली आणि कोळेकरांना हाक मारली.

"वाचलं होतं," मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवली. मी मनातल्या मनात घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो.

"आपल्याकडं बंद नोंदी एकूण किती?" त्यांनी विचारलं.

"बत्तीस होत्या. आता एकतीस."

"सगळ्यांचा ऊस उभा आहे?"

"सगळ्यांचा."

"आणि माझे वाफे किती?"

"बारा."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा नीट बसवला आणि पडद्यावरच्या त्या शेताच्या कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"शेत वाढव," ते म्हणाले. "एकतीस वाफे कर. आणि लवकर पिकणारं काहीतरी लाव. तोडायचं मात्र दहाच्या ठोक्यानंतर."

मी त्याच दिवशी कोथिंबीर पेरली.